अर्धा सोडलेला स्लॅब

चाचा, काल मी स्लॅब अर्धा सोडला. पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बंगल्याचा, पहिल्या मजल्याचा. निम्मासुद्धा झाला नव्हता आणि मी वरून ओरडलो, मिक्सर बंद करा. तुम्ही असता तर हातातली थापी फेकून मारली असती मला. मारली असती तर मारली असती, मी ती उचलून परत तुमच्याकडे भिरकावली असती. इतका राग आलाय तुमचा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या मातीला मी स्वतः तीन मुठी माती दिली, आणि आज सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी तुमच्याशी भांडतोय. आत वॉर्डात आमच्या टोळीतली एक बाई पडलीय. पेठकडची. तिचा नवरा आमच्याच मिक्सरवर असतो. तो दाराशी उकिडवा बसलाय आणि कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, ऊन डोक्यात गेलंय, अंग आतून तापलंय, शुद्धीवर आली तर आली, आत्ताच काही सांगता येत नाही. शुद्धीवर आली तर आली! काय बोलणं झालं हे? पण त्यांना तरी काय म्हणू, त्यांच्या वॉर्डात कालपासून अशीच माणसं येतायत. एक हमाल, एक रिक्षावाला, आणि ही.

काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा हिशेब कळेल. आम्ही सगळे उजाडताच साइटवर हजर होतो. खडी, वाळू, सिमेंटच्या गोण्या, सगळं रचून तयार. सळई बांधलेली, इंजिनिअर आदल्या दिवशी तपासून गेलेला. हवा गार होती. त्या वेळी मिक्सर फिरवला असता तर दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत वरचं काम हातावेगळं झालं असतं. पण मालक हात जोडून उभे. भला माणूस आहे, बँकेतून रिटायर झालेला, सगळ्यांना अहो-जाहो करतो. म्हणाले, "पंचवटीतल्या गुरुजींनी अभिजित मुहूर्त सांगितलाय. नारळ तेव्हाच फोडायचा आणि पहिलं घमेलं तेव्हाच पडलं पाहिजे. मिसेसची फार इच्छा आहे हो." अभिजित म्हणजे भर दुपार, चाचा. सूर्य टाळूवर. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही असे किती तरी मुहूर्त सांभाळलेत. आम्ही सगळी माणसं सकाळची गार हवा वाया घालवत गोण्यांवर बसून राहिलो. तंबाखू मळली, चहा प्यालो, मोबाईल बघितला. ऊन चढत गेलं. बायका खडीच्या ढिगाच्या सावलीत सरकत सरकत बसल्या, आणि सावली त्यांच्यापुढे सरकत सरकत संपली. मग नारळ फुटला, पेढे वाटले, आणि सळई हाताला चटका देईल इतकी तापल्यावर आम्ही स्लॅब सुरू केला.

आता तुम्ही म्हणाल, ड्राफ्टमन, तू नको का म्हणाला नाहीस? हो, तुम्ही मला ड्राफ्टमनच म्हणायचात. आयटीआयचा नकाशे काढायचा कागद घेऊन अंबडच्या कारखान्यात लागलो, कारखाना बंद पडला, आणि लग्नाच्या वयाचा बाप्या तुमच्याकडे घमेली उचलायला आला, त्याची तुम्हाला फार गंमत वाटायची. "आओ ड्राफ्टमनसाहब, आज पेन्सिलीऐवजी हे घ्या." तर ऐका. माझ्या घरात पंचांग कधी आलेलं नाही. आमच्याकडे बुद्धवंदना होते, मुहूर्त बघत नाहीत. माझं लग्न भर पौषात लागलं आणि तुम्ही त्या लग्नात दोनदा जिलेबी मागून घेतलीत. आणि तुमच्या धर्माशी तर अभिजिताचा काही संबंधच नाही. म्हणजे तुम्ही मानत नव्हतात, मी मानत नाही, माझ्या टोळीतले निम्मे लोक डोंगरातले, त्यांना अभिजित कशाशी खातात ते माहीत नाही. तरी आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलो. कारण तुम्ही शिकवलंत, "मुहूर्त मालकाचा, माल आपला. मालकाच्या श्रद्धेत पाय घालायचा नाही." छान वाक्य होतं. तेव्हा चालायचंही. तेव्हा नाशकात मे महिन्यात दुपारीसुद्धा झाडाखाली बसलं की डोळा लागायचा. मुंबईची माणसं इथे हवा खायला यायची. आठवतं ना, गंगापूर रोडच्या त्या साइटवर आपण भर वैशाखात स्लॅब घातला आणि संध्याकाळी सगळ्यांना गार वारं लागलं म्हणून तुम्ही बायकांना लवकर घरी धाडलंत? ती हवा आता नाही, चाचा. ती हवा तुम्ही, मी आणि आपल्या मिक्सरने खाल्ली.

हे मी उगाच नाही म्हणत. मागच्या वर्षी एका सिमेंट कंपनीने आम्हा ठेकेदारांचा मेळावा घेतला. हॉटेलात, एसी इतका की मला मफलर हवा होता. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. चुनखडीचा डोंगर फोडायचा, भट्टीत घालायचा, कोळसा जाळून जाळून तो दगड भाजायचा, तेव्हा कुठे सिमेंट होतं. आणि भाजताना दगडातूनच जो वायू सुटतो, तो वर जाऊन बसतो, पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोधडी पांघरल्यासारखं. साहेब हे सगळं हसत हसत सांगत होते, आणि शेवटी म्हणाले, म्हणून आपण सगळ्यांनी झाडं लावू या. प्रत्येकाला एक टोपी आणि एक रोप. आयजीच्या जिवावर बायजी उदार! अहो साहेब, डोंगर तुम्ही खाता, कोळसा तुम्ही जाळता, आणि रोप माझ्या हातात? मी ते रोप घेऊन पार्किंगमध्ये उभा, आणि कुठे लावू ते कळेना. कारण जिथे लावायचं तिथे सगळीकडे मीच कोबा केलेला. द्राक्षाच्या बागा होत्या तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर आम्ही स्लॅब घातले, स्लॅबभोवती मोकळी जागा राहिली तर तिच्यावर फरशी, कारण मालकाच्या गाडीला चिखल लागायला नको. विहिरी बुजवल्या, त्याही मीच. मग तीच घरं दुपारी भट्टी होतात, मालक एसी बसवतात, एसीची गरम वाफ शेजारच्या खिडकीत. तो शेजारीही मग एसी बसवतो. त्या बंगल्याच्या नकाशात किती एसीचे पॉइंट आहेत ते तुम्ही बघितले असते तर हसला असता. संडासासाठी नाही एवढंच.

आणि बिघाड फक्त उन्हाचाच आहे असंही नाही. पाऊस येतो तेव्हा दिवसभराचा एका तासात कोसळतो, जिरायला माती नाही, मग तो लोकांच्या बेसमेंटमध्ये जातो. मागच्या खेपेला त्या पाथर्डी फाट्याजवळच, आम्हीच बांधलेल्या पार्किंगमध्ये दुचाक्या तरंगल्या आणि लोकांनी मलाच फोन करून शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. गारा पडायच्या त्या महिन्यात पडत नाहीत, नको तेव्हा पडतात. सिन्नरकडून येणारे माझे दोन गवंडी पूर्वी पेरणीला सुटी घ्यायचे, आता त्यांना कधी जायचं तेच कळत नाही, म्हणून जातच नाहीत. सगळ्याला कारण एकच आणि ते आमच्या घमेल्यातही आहे. पूर्ण पृथ्वी काही मी एकट्याने तापवली नाही, एवढी माझी ऐपत नाही. गाड्या आहेत, वीज आहे, मोठमोठे देश आहेत. पण माझा वाटा माझाच ना?

असो. काल काय झालं ते. स्लॅब सुरू झाला आणि थोड्याच वेळात माल कडक पडायला लागला. उन्हात तसंच होतं, खालून वर येईपर्यंत माल आवळतो. मिक्सरवाला, म्हणजे हिचाच नवरा, गुपचूप पाण्याचा डबा जास्त टाकायला लागला. मी वरून दम दिला. पाणी वाढवलं की स्लॅब कच्चा होतो, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे काय झालं बघा, मालात पाणी वाढवायला मी बंदी घातली, आणि माणसांच्या पाण्यासाठी कोणी थांबेना, कारण घमेल्यांची लाइन तुटते. ही वरती होती, माल वर आणणाऱ्या लिफ्टपासून बीमपर्यंत घमेली नेत होती. सळ्यांवरून तोल सांभाळत. दुपार उतरायला अजून अवकाश होता. मी बघितलं, तिचा चेहरा कोरडा. सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा आणि ही कोरडी ठणठणीत, लाल. मी म्हटलं, "बाई, बस जरा." ती म्हणाली, "नाय दादा, लाइन तुटंल." मग ती रिकामं घमेलं घेऊन भलतीकडेच चालायला लागली, स्लॅबच्या कडेकडे, आणि तिच्या भाषेत कोणाशी तरी बोलत होती. तिथे कोणी नव्हतं. आणि मग सळ्यांवर आडवी पडली.

मी ओरडलो, मिक्सर बंद. पहिल्यांदा कोणी बंद केलाच नाही. खरंच सांगतो. लिफ्ट वर आली, माल ओतला गेला, पोरांनी थापीही मारली. त्यांना वाटलं, बाईला बाजूला घेतील आणि काम चालू राहील. नेहमी तसंच होतं ना? मला जिना उतरून जाऊन हाताने मशीन बंद करावं लागलं. आवाज थांबला आणि सगळे मी वेडा असल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. मालक धावत आले, "अहो, निम्मा झालाय! अर्धा सोडायचा नसतो, तुम्हीच म्हणाला होतात. अपशकुन होतो, शिवाय गळतो!" मी त्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. आम्ही तिला खाली आणलं आणि पाइप लावला तिच्या अंगावर. कोणता पाइप? स्लॅबला पाणी मारायला आणलेला. नवा कोरा. मालकांच्या बायकोने फ्रिजमधला सगळा बर्फ आणून तिच्या मानेशी, काखेत दाबला, पदराने वारा घातला, रडत होत्या बिचाऱ्या. मग त्यांच्याच गाडीतून इथे आणली.

त्या पाइपवरून माझ्या डोक्यात तिडीक गेली, चाचा, ती अजून उतरत नाही. स्लॅब घातला की आपण काय करतो? आळी बांधतो, पाणी साठवतो, गोणपाट भिजवून पांघरतो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला माणूस ठेवतो. का? तर स्लॅबला ऊन लागू नये. ऊन लागलं तर तडा जातो म्हणून. स्लॅबला ऊन लागू नये! आणि ज्यांनी तो घातला, त्यांच्या डोक्यावर एक हिरवी जाळी बांधावी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवावं, हे तुमच्या आयुष्यात तुम्हाला सुचलं नाही आणि मला तुमच्याकडून शिकून सुचलं नाही. बरं, तुम्ही दुष्ट होतात असं म्हणावं तर तसंही नाही. मी पहिल्या स्लॅबला चपला घालून आलो, सिमेंटने बोटांच्या बेचक्या खाल्ल्या, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या नाशकातून माझ्यासाठी गमबूट घेऊन आलात. "पाय गेले तर ड्राफ्टमन काय कामाचा?" तुम्हाला पाय दिसत होते. डोकं दिसत नव्हतं.

आणि तो पावसातला दिवस. भाद्रपद होता, सातपूरची साइट. मध्येच पाऊस आला, वीज कडाडत होती, आणि मी म्हटलं, ताडपत्री टाकू, थांबू. तुम्ही सगळ्यांसमोर माझी कॉलर धरलीत. रागावलात की तुम्ही हिंदीत जायचात. "भीगा हुआ आदमी सूख जाता है रे. आधा छोड़ा स्लॅब जिंदगीभर टपकता है." सगळे हसले. मीही नंतर हेच वाक्य माझ्या टोळीला ऐकवत आलो, तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखी मान तिरपी करून. लोकांना फार आवडायचं. या बाईनेही ते ऐकलंय, तिच्या पहिल्याच दिवशी.

पण खोटं होतं ते. हेच मला तुम्हाला विचारायचंय. तुम्ही स्वतः एकदा स्लॅब सोडला होतात. मला सगळं आठवतंय. मिक्सरचं इंजिन बसलं, दुसरं मशीन मिळेना, आणि तुम्ही शांतपणे फळी लावून माल तिरपा कापलात, कड नीट घेतलीत. दुसऱ्या दिवशी कड खरवडली, सिमेंटचं दाट पाणी मारलं आणि पुढचा स्लॅब जोडला. त्या घराखालून मी अजूनही येतो-जातो. एक थेंब गळत नाही. म्हणजे जोड कसा घ्यायचा ते तुम्हाला येत होतं. मशीन मेलं तर स्लॅब थांबतो. माणूस पडलं तर थांबत नाही. हे कुठल्या किताबात लिहिलंय, चाचा? सांगा ना. तुमची छातीसुद्धा शेवटी सिमेंटनेच खाल्ली, खोकून खोकून गेलात, आणि शेवटच्या आठवड्यातही मला विचारत होतात, अमक्याचा स्लॅब कसा झाला.

आज सकाळी मालकांचा फोन आला. आधी बाईची चौकशी केली, हॉस्पिटलचा खर्च मी बघतो म्हणाले. मग म्हणाले, गुरुजींना विचारलंय, उरलेल्या स्लॅबसाठी परवाचा अभिजित चांगला आहे. मी हात टेकले. म्हटलं, "साहेब, परवा पहाटे तांबडं फुटायच्या आत माल पडेल. ऊन तापायच्या आत जेवढा होईल तेवढा, मग जोड घेऊन थांबणार. वर जाळी बांधणार. मंजूर असेल तर येतो, नसेल तर दुसरा ठेकेदार बघा." ते म्हणाले, मिसेसना विचारून सांगतो. मग फोन पुन्हा वाजला, तर त्याच होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणाल तेव्हा. देवाला सांगेन मी." बघा, एवढंच होतं. विचारलं असतं तर एवढ्यावर भागलं असतं. तुम्ही कधी कोणाला विचारलंत का हो? मी विचारलं का? मोबाईलवर सरकारी मेसेज दर उन्हाळ्यात येतो, दुपारी उन्हात काम टाळा म्हणून. तो मी टोळीच्या ग्रुपवर पुढे पाठवतो, खाली हात जोडलेलं चित्र टाकतो, आणि कामाला लागतो.

आता यापुढे मी चैत्र-वैशाखात दुपारचा स्लॅब घेणार नाही. जिथे जोड घेऊन दोन दिवसांत करता येतो तिथे तसाच करणार, इंजिनिअरला आधीच नकाशात जोड दाखवायला लावणार. लोकांना सांगणार, सगळं अंगण फरशीने झाकू नका, माती ठेवा. जिथे जाड भिंत, कौलं, दगड चालतो तिथे स्लॅबचा हट्ट धरू नका. माझा धंदा बसेल त्याने, बसू दे थोडा. दुसरे ठेकेदार हसतील. एकाने कालच विचारलं, काय ड्राफ्टमन, स्लॅब सोडला म्हणे? तुमचं दिलेलं नाव अजून चालतंय बाजारात.

इथपर्यंत लिहिलं होतं आणि तिच्या नवऱ्याने मला हाक मारली. पहिल्यांदाच. "दादा, या." मी कागद बाकावर टाकून धावलो. शुद्धीवर आली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले, हाताला सलाइन. नर्स म्हणाली, जास्त बोलू नका. मी कॉटजवळ गेलो. तिने मला बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, दुखतंय. ती म्हणाली, "माफ करा दादा. माझ्यामुळं स्लॅब ऱ्हायला ना?" नवरा खाली बघायला लागला. तोही तेच धरून बसला होता कालपासून, म्हणून बोलत नव्हता. मी रागावलोय असं त्याला वाटत होतं. मरता मरता वाचलेली बाई माझी माफी मागत होती, चाचा. मी तिला असं काय शिकवलं होतं?

तिला सांगायचं होतं की सोडला मी, बरं झालं सोडला, पुन्हाही सोडीन. सकाळपासून तुम्हाला हेच तर सुनावत बसलो होतो. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "कोण म्हणतं राहिला? पुरा झाला. एकदम मस्त झाला." तिने हुश्श केलं, डोळे मिटले आणि झोपली. नवऱ्याने मात्र मान वर केली नाही, त्याला तर खरं माहीत आहे. आता मी परत बाकावर आलोय. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, खिशातच राहतील. खोटं का बोललो म्हणाल, तर तिला बरं वाटावं म्हणून, असं मी कोणालाही सांगेन. पण तुम्हाला खरं सांगतो, लाज वाटली मला. स्लॅब अर्धा सोडल्याची.